शेजारच्या गच्चीवर टॉवर, मळ्यावरून हायटेन्शन लाइन: किती घाबरायचं?

चोपडेकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत शेजारच्या काकांच्या तीन मजली घरावर मोबाइल टॉवर बसतोय, लोखंड वर चढलंय, गोल डबे आणि लांबट पट्ट्या अजून खालीच पडल्यात. आमची गच्ची त्यांच्यापेक्षा एक मजला खाली. आपल्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, एप्रिल लागला की आम्ही सगळे गच्चीवरच झोपतो, पाणी मारून गाद्या टाकतो, धाकटी पाच वर्षांची आहे. सासूबाईंनी आत्ताच सांगून टाकलंय की यंदा पोरीला वर न्यायचं नाही. गल्लीत रोज यावरून बाचाबाची, काकांशी निम्म्या लोकांनी बोलणं टाकलं. व्हॉट्सॲपवर तर कॅन्सर, वांझपण, चिमण्या, काय नाही ते येतंय.
दुसरं म्हणजे माहेरी रावेरकडे आमच्या केळीच्या मळ्यावरून मोठी लाइन गेलीय आणि भाऊ तिथेच घर बांधायचं म्हणतोय.
मला कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत. यातलं खरं किती, अफवा किती, आणि आमच्यासारख्यांनी नेमकं करायचं काय, एवढं सांगा.

अहिराणी भाऊ
ताई, मन्हा घरना बाजूलेच टावर शे तरी माले रेंज भेटत नही. मंग ते रेडिएशन जास कथा?

अंटेनावाला (धुळे)
भाऊंनी गमतीत विचारलं पण प्रश्न एकदम बरोबर आहे. मी टॉवरच्या देखभालीचं काम करतो, वर चढतो, म्हणून सांगतो. ज्या लांबट पट्ट्या दिसतात ना त्या सेक्टर अंटेना, त्यांचा झोत बॅटरीसारखा समोर जातो, किंचित खाली झुकवलेला असतो. त्यामुळे टॉवरच्या अगदी बुडाशी लहरी कमी पोचतात आणि शे-दोनशे मीटरवर जमिनीला लागतात, पण तोवर पसरून खूप पातळ झालेल्या असतात. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई. गोल डबे म्हणजे मायक्रोवेव्ह लिंक, ती एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर, तिचा झोत अगदी अरुंद, गच्चीशी संबंध नाही.
तेव्हा टॉवर किती जवळ आहे यापेक्षा त्या पट्टीच्या *समोर*, त्याच उंचीवर कोणाची खिडकी किंवा गच्ची येते का ते बघायचं. दूरसंचार खात्याच्या २०१२ च्या सूचनांत याची अंतरं दिलेली आहेत, एक अंटेना असेल तर समोरच्या इमारतीपासून २० मीटर, सहा असतील तर ५५ मीटर. ताई, तुमची गच्ची एक मजला खाली आहे आणि अंटेना त्यांच्या गच्चीवरून आणखी वर खांबावर लागेल, म्हणजे तुम्ही झोताच्या खाली आहात. पण समोरच्या रांगेत कोणाचं चार मजली असेल तर त्यांनी मात्र नक्की मोजमाप मागावं.

सजग नागरिक
टॉवरवाले असंच सांगणार. २०११ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइलच्या लहरी '२बी' गटात टाकल्या, म्हणजे 'कर्करोग होण्याची शक्यता'. अमेरिकेत सरकारी प्रयोगात उंदरांच्या हृदयात गाठी झाल्या. राजस्थान हायकोर्टाने २०१२ मध्ये शाळा-दवाखान्यांवरचे टॉवर काढायला सांगितले. आणि भारताने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय मर्यादा सरळ एक दशांशावर आणली. सगळं सुरक्षित होतं तर मग दहा पट कमी काब्रं केली?

डॉक्टर पाचोरा
सजग भाऊ, तुमचे चारही मुद्दे खरे आहेत, पण प्रत्येकाचा पुढचा अर्धा भाग राहिला.

२बी चा अर्थ एवढाच की पुरावा तोकडा आहे पण हात झटकता येत नाहीत. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. याच्या वरच्या २ए गटात चुलीतल्या लाकडाचा घरातला धूर आहे, आणि सगळ्यात वरच्या गट १ मध्ये तंबाखू, दारू, डिझेलचा धूर, ऊन. माझ्याकडे तोंड उघडता न येणारी पोरं येतात, विशी-पंचविशीतली, गुटख्याने जबडा आखडलेली, आणि त्यातल्याच एकाने परवा मला विचारलं की सर फोर-जीने काही होतं का. मला राग नाही आला, वाईट वाटलं. भीती चुकीच्या दारात उभी आहे.

उंदरांचा प्रयोग २०१८ चा. उंदरांना रोज ९ तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर ६ वॅट प्रति किलोपर्यंत (म्हणजे अंगाच्या दर किलोत मुरणारी ऊर्जा) मारा केला होता. आपल्या फोनला डोक्यापाशी परवानगी आहे १.६ ची, तीही एक ग्रॅम पेशींच्या सरासरीवर. गाठी फक्त नरांत स्पष्ट दिसल्या, आणि मारा झालेले नर उंदीर न झालेल्यांपेक्षा जास्त जगले. यातून माणसाबद्दल ठाम काही निघत नाही.

माणसांवरचा मोठा अभ्यास १३ देशांचा, २०१० ला आला. त्यात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत, म्हणजे एकूण १६४० तासांच्या वर, ग्लायोमा नावाच्या मेंदूच्या गाठीचं प्रमाण ४० टक्के जास्त दिसलं. पण हे सगळं लोकांच्या आठवणीवर होतं, काहींनी तर दिवसाला १२ तास फोनवर असल्याचं सांगितलं. २०११ चा २बी बऱ्याच अंशी या अभ्यासावर उभा होता. त्यानंतर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा आला, १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासले, फोन आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. फोन तर कानाला चिकटलेला असतो. टॉवर त्यापुढे फार लांब.

शहादा मास्तर
दहावीच्या पोरांना शिकवतो तेच इथे लिहितो. सगळं रेडिएशन एक नसतं. एक्स-रे आणि गॅमा किरणांत एवढी ताकद असते की अणूतला इलेक्ट्रॉन उडतो, डीएनए तुटतो. मोबाइलच्या लहरीच्या एका कणात लागते त्यापेक्षा लाखो पटींनी कमी ऊर्जा असते, कितीही कण आले तरी तोडफोड होत नाही, फक्त थोडी ऊब येते. मर्यादा या उबेवरूनच ठरवल्यात आणि त्यात मोठी सूट ठेवलीय.
आकडे बघा. ९०० मेगाहर्ट्झला आपल्या देशातली मर्यादा ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, आंतरराष्ट्रीय ४.५. आपल्या जळगाव-धुळ्याचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन अंगावर घेतलं तर ते १००० वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास. आणि त्यातल्या अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे.
दहा पट कमी केली ते खबरदारी म्हणून, नवा कोणता धोका सापडला म्हणून नव्हे. २०१० ला केंद्राने वेगवेगळ्या खात्यांची समिती नेमली होती, तिची ती शिफारस.

सजग नागरिक
मास्तर, खबरदारी म्हणून कमी केली हे तुम्हीच म्हणता, मग गल्लीतल्या लोकांनी खबरदारी म्हणून विरोध केला तर त्यांना अडाणी का म्हणायचं? आणि मर्यादा पाळली जाते की नाही हे बघतं कोण? कंपनी स्वतःच लिहून देते की आम्ही पाळली.

शहादा मास्तर
अडाणी कोणीच म्हटलं नाही भाऊ. तपासणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

मोलगीकर
मी सातपुड्यातून लिहितोय, धडगाव-अक्कलकुवा पट्टा. तुम्ही टॉवर नको म्हणून भांडताय, आमच्याकडे बाळंतीण अडली तर १०८ ला फोन लावायला माणूस टेकडीवर पळतो. तिथे झाडाखाली दगड ठेवलाय, त्याच दगडावर उभं राहिलं की एक काडी येते, एक पाऊल बाजूला सरकलं की गेली. पावसाळ्यात तीपण नाही. आशाताईंना ऑनलाइन माहिती भरायला खालच्या गावी यावं लागतं. कृपा करून आमच्याकडे कोणी हे व्हॉट्सॲपवाले मेसेज पाठवू नका, मागच्या वर्षी एका पाड्यावर टॉवरला जागा द्यायला तयार झालेला माणूस असल्याच मेसेजमुळे मागे फिरला.

अंटेनावाला (धुळे)
मोलगीकर भाऊंच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघते. फोन आपली ताकद कमी-जास्त करतो. टॉवर जवळ, रेंज फुल, तर फोन अगदी हळू बोलतो. रेंज कमी असली की पूर्ण जोर लावतो. फोर-जी फोनचा जास्तीत जास्त जोर ०.२ वॅट, जुन्या टू-जीचा २ वॅटपर्यंत जायचा. दगडावर उभं राहून एक काडीवर बोलणाऱ्याच्या डोक्याला टॉवरखाली राहणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लहरी मिळतात. गल्लीतून टॉवर हटवला की टॉवरचा मारा थोडा कमी होईल पण प्रत्येकाच्या कानाजवळचा वाढेल.
आणि ती फोनला चिकटवायची स्टिकर, चिप विकतात ना, ती खरंच लहरी अडवत असतील तर फोन आणखी जोर लावेल. २०२० मध्ये शेणाची चिपपण आली होती, शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. पैसे घालू नका.

जळगावची मीनाताई
माझं कोणी ऐकणार नाही बहुतेक पण लिहिते. आमच्या समोर टॉवर लागल्यापासून माझं डोकं दुखतं, झोप लागत नाही, कानात सूं सूं होतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात मनाचे खेळ. मला होतंय ते होतंय ना?

डॉक्टर पाचोरा
ताई, तुम्हाला होतंय ते खरंच होतंय, डोकं दुखतंय म्हणजे दुखतंय. ते लहरींमुळे होतंय का, हा वेगळा प्रश्न. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात २००७ ला अशीच तक्रार असलेल्या लोकांना बोलावून टॉवरसारखा सिग्नल कधी चालू कधी बंद केला. चालू आहे असं *सांगितलं* की त्यांना त्रास वाढला, न सांगता चालू-बंद केलं तेव्हा चालू कधी ते ओळखता आलं नाही, त्रासही त्यानुसार बदलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये असंच म्हटलंय की लक्षणं खरी, पण लहरींशी त्यांचा संबंध दाखवता आलेला नाही.
म्हणून मी तुम्हाला मनाचे खेळ म्हणून घरी पाठवणार नाही. बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, चष्म्याचा नंबर, कान, हे तपासून घ्या. टॉवरवर दोष टाकून थांबलात तर खरं कारण राहून जाईल याची मला काळजी वाटते. आणि एक विचारतो, टॉवरखाली जनरेटर आहे का? रात्री चालतो का?

जळगावची मीनाताई
आहे डॉक्टर. लाइट गेली की सुरू होतो, धूर सरळ आमच्या खिडकीत. उन्हाळ्यात तर रोजच.

डॉक्टर पाचोरा
मग त्याच्यावर भांडा! वर लिहिलंय बघा, डिझेलचा धूर २०१२ पासून गट १ मध्ये, तंबाखूच्या शेजारी. रात्रीची घरघर झोप मोडते, मोडलेल्या झोपेने डोकं दुखतं. सगळा मोर्चा वरच्या अंटेनावर आणि खाली काळा धूर सोडणारं यंत्र कोणाला दिसत नाही. जनरेटरला आवाज दाबणारी पेटी असावी असं टॉवरच्या सरकारी सूचनांतच आहे. धुराची नळीही वर नेऊन घ्या.

खान्देशी सुगरण
विषय चाललाच आहे तर विचारते, मायक्रोवेव्हमध्ये वांगं भाजलं तर चालतं का?

अहिराणी भाऊ
ताई, बामणोदनं वांगं मायक्रोवेव्हमा? आरोग्यले काय व्हस ते डॉक्टर सांगतीन, पण भरीतले नक्कीच धोका शे!

खान्देशी सुगरण
अहो पुण्यात फ्लॅटमध्ये तुराट्या कुठे पेटवू, सोसायटीवाले अग्निशमन बोलावतील :)

शहादा मास्तर
सुगरण ताई, बिनधास्त भाजा, फक्त वांग्याला आधी टोचे मारा नाहीतर फुटेल. ओव्हनमधल्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या, पाण्याचे कण हलवून गरम करतात, बटण बंद झालं की संपल्या, अन्नात काही उरत नाही. दार नीट बसत नसेल, काच तडकली असेल तर मात्र वापरू नका. तुराट्यांच्या धुराची चव येणार नाही, पण तो धूर बंद खोलीत रोज घेणं जास्त वाईट.

चोपडेकरीण
सगळ्यांचे आभार, कितीतरी गोष्टी कळल्या. भरीतावरून पुन्हा मळ्यावर येते, हायटेन्शन लाइनचं कोणी सांगेल का? भाऊ पुढच्या महिन्यात पाया खणतोय.

निवृत्त लाइनमन
ताई, माझं आयुष्य तारांवर गेलं. आधी नियमाचं सांगतो. १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनचा पट्टा २७ मीटरचा, २२० केव्हीचा ३५ मीटरचा, मध्यरेषेपासून दोन्हीकडे निम्मा-निम्मा. ४०० केव्हीला याहून मोठा. या पट्ट्यात घर बांधायचंच नाही, कर्करोगासाठी नव्हे, तार तुटली, झोल पडला, वादळात हेलकावली तर जीव जातो म्हणून. आधी टॉवरवरची पाटी वाचा, व्होल्टेज लिहिलेलं असतं.
४०० केव्हीखाली ट्यूबलाइट हातात धरली तर मंद पेटते, व्हिडिओ फिरतात त्याचे, ते खरे आहेत. ते विद्युत क्षेत्र. लोखंडी जाळीचं लांब कुंपण, रबरी टायरवर उभी ट्रॉली, यांना हात लावला की चुरचुरतं. कुंपणाला ठिकठिकाणी अर्थिंग करायचं, ट्रॉलीला साखळी जमिनीला टेकवायची. ट्रॉलीवर उभं राहून केळीचे घड किंवा लोखंडी पाइप वर करायचा नाही, हे गड्यांना रोज सांगायचं. तुषारचे ॲल्युमिनियमचे पाइप उभे धरून नेताना गेलेली माणसं मी उतरवलीत. त्यांची नावं मला अजून आठवतात.

भुसावळचा गाडीवाला
लाइनमन आबांना नमस्कार. रेल्वेची ओव्हरहेड वायर २५ हजार व्होल्ट. यार्डात उभ्या मालगाडीवर पोरं सेल्फीसाठी चढतात, वायरला हात न लावताच ठिणगी अंगावर येते. माझी नोकरी डोक्यावरच्या या वायरखाली झाली, मला लहरींची भीती नाही वाटली कधी, पण या पोरांची वाटते. शाळेत कोणी हे शिकवत नाही.

सजग नागरिक
हे सगळं शॉक लागण्याचं झालं. ताईंचा प्रश्न मुलांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा असणार. तो संबंध तर १९७९ ला अमेरिकेत डेन्व्हरला दाखवला, आणि लाइनचं चुंबकीय क्षेत्रही २००२ मध्ये २बी मध्येच छापलं गेलं. हे तरी नाकारू नका.

डॉक्टर पाचोरा
नाकारत नाही, उलट अख्ख्या विषयात मला मोकळा वाटतो तो हाच प्रश्न. २००० मध्ये अनेक देशांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा ज्या घरांत चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.४ मायक्रोटेस्ला या मापाच्या वर होतं तिथल्या मुलांत ल्युकेमिया साधारण दुप्पट दिसला. अशी घरं शंभरात एकसुद्धा नव्हती, आणि आजारच मुळात दुर्मीळ, त्यामुळे दुप्पट म्हणजेही अगदी थोडा. कारण काय ते आजवर कळलं नाही, प्राण्यांवर तसं दिसलं नाही. इंग्लंडमध्ये २००५ ला लाइनपासून २०० मीटरच्या आत जन्मलेल्या मुलांत प्रमाण जास्त दिसलं, पण तोच अभ्यास पुढे वाढवून २०१४ ला छापला तर दिसलं की हा फरक दशकागणिक कमी होत संपला. लाइनमधली वीज तर वाढलीच होती. म्हणजे चुंबकीय क्षेत्राऐवजी त्या घरांत राहणारे लोक किंवा दुसरंच काही कारण असावं.
तरी सल्ला विचाराल तर, मळा मोठा आहे, जागा निवडायची मोकळीक आहे, मग घर लाइनपासून १०० मीटरवर घ्या. तिथे लाइनचं क्षेत्र घरातल्या वायरिंगच्या क्षेत्राइतकं खाली येतं. पैसा लागत नाही, वादही उरत नाही. पण जुनं घर लाइनजवळ आहे म्हणून ते विकून, कर्ज काढून दुसरं घ्यायला निघालेल्याला मी थांबवेन.

सजग नागरिक
हे पटलं. मी एवढंच म्हणत होतो की लोकांना सरळ सांगा.

केळीबाग (सावदा)
आमच्याकडे चिमण्या गेल्या त्या टॉवरनेच ना?

मोलगीकर
भाऊ, आमच्याकडे टॉवर नाही तरी पाड्यात सिमेंटची घरं झाली तिथे चिमण्या कमी झाल्या. धाब्याच्या घराला लाकडी सर होते, भोकं होती, अंगणात धान्य निवडायचे. आता भिंतीत जागा नाही आणि शेतात फवारणीने अळ्या नाहीत, पिलांना भरवणार काय.

अंटेनावाला (धुळे)
चोपडेकर ताई, आता तुमच्या कामाचं. २०१७ पासून 'तरंग संचार' नावाचं सरकारी पोर्टल आहे. नकाशावर आपल्या गल्लीतला टॉवर शोधायचा, नियमात आहे की नाही ते दिसतं. पटलं नाही तर ४००० रुपये भरून दूरसंचार खात्याकडून मोजमाप मागवता येतं, माणूस यंत्र घेऊन तुमच्या गच्चीवर येतो. गल्लीत दहा घरांनी वर्गणी काढली तर फार नाही. मर्यादा ओलांडलेली निघाली तर कंपनीला लाखांत दंड आहे. टॉवर चालू होऊ द्या, मग मोजा, आधी मोजून उपयोग नाही.
त्याआधी काकांकडे इमारत ते वजन पेलते याचा दाखला मागा. जुन्या विटांच्या घरावर टॉवर बसवलेले मी पाहिलेत, मे महिन्यातल्या वावटळीत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

निवृत्त लाइनमन
ग्रामपंचायतीचा ठराव करून टॉवर बंद पाडण्याच्या नादी लागू नका. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने तसा ठराव केला होता, मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये तो रद्द केला. कागद मागा, मोजमाप मागा, ते टिकतं.

चोपडेकरीण
आज सकाळी काकांकडे गेले होते, चहा झाला. घराचा दाखला कंपनीने करून घेतलाय म्हणाले पण त्यांनी स्वतः वाचलेला नाही, प्रत मागवतायत. जनरेटर मात्र आमच्या बोळातच ठेवणार होते, तो मागच्या परसात न्यायला आणि पेटी लावून घ्यायला ते तयार आहेत, करारात लिहून घेणार. मोजणीची वर्गणी गल्ली काढतेय. सासूबाईंना डॉक्टरांचं आणि मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलं आणि विचारलं, तुझ्या सासऱ्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्याचं काय? ते मी विसरलेच विचारायला.

डॉक्टर पाचोरा
सासूबाईंनी कामाचं विचारलं. टॉवरपासून त्यांना काही नाही, गच्चीवर खुशाल झोपू दे. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही, पेसमेकर ज्या बाजूला असेल त्याच्या उलट कानाला लावायचा, १५ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. पाठीवर चुंबक असलेले नवे फोन आणि चार्जर, त्यांच्याबाबत जास्त जपा. इंडक्शन शेगडी चालू असताना दोन फूट लांब. शेतात वेल्डिंग चाललं असेल तर तिथे उभं राहायचं नाही. एमआरआयची वेळ आली तर पेसमेकरचं कार्ड आधी दाखवायचं, काही मॉडेलना चालतं, काहींना नाही. कार्ड घरात सापडतंय का ते आजच बघून ठेवा.